स्पेस टाइम काढायचा तर आकारमान कुठलं आणि फ्लो कुठला?

सतत चालणाऱ्या रिॲक्टरचा स्पेस टाइम म्हणजे एक साधा भागाकार. रिॲक्टरमधलं कामाचं आकारमान वर, आत येणाऱ्या फीडचा, म्हणजे कच्च्या मालाचा, फ्लो खाली. २ लिटर भागिले मिनिटाला १०० मिली, उत्तर २० मिनिटं. तरीही लॅबच्या जर्नलपासून पायलट प्लांटच्या लॉगशीटपर्यंत हा आकडा सर्रास चुकलेला सापडतो. गफलत भागाकार करण्याआधीच झालेली असते. आकारमान डब्यावर छापलेलं घेतात, फ्लो एकाच पंपाचा घेतात, किंवा वायूचा फ्लो भलत्याच तापमानाचा धरतात. म्हणून इथे सूत्रापेक्षा त्यात भरायच्या दोन आकड्यांवर जास्त वेळ घालवला आहे.

व्याख्या मात्र आधी पक्की हवी. रिॲक्टर एकदा पूर्ण भरेल एवढं फीड, इनलेटच्या तापमानाला आणि दाबाला मोजलेलं, आत जायला जेवढा वेळ लागतो तो स्पेस टाइम. यातला 'इनलेटच्या' हा शब्द महत्त्वाचा. आत गेल्यावर माल फुगला, आकसला, तापला, तरी स्पेस टाइमला त्याचं सोयरसुतक नाही. कण आत सरासरी किती वेळ राहिला तो रेसिडेन्स टाइम, आणि तो वेगळा आकडा आहे. द्रवांची घनता फारशी बदलत नाही, त्यामुळे तिथे दोन्ही जवळपास सारखेच येतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. वायूंमध्ये बिघडतं. ते पुढे येईलच.

उदाहरणाला इथाइल ॲसिटेट हा एस्टर आणि कॉस्टिक सोडा यांचं सॅपोनिफिकेशन, म्हणजे कॉस्टिकने एस्टर फोडणं, घेऊ. केमिकल इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये हा प्रयोग हमखास असतो, रसायनं स्वस्त असतात, आणि स्पेस टाइममध्ये होणाऱ्या बहुतेक चुका यात एकदा तरी भेटतात.

फीड तयार करणं

दोन्ही द्रावणं ०.१ मोल प्रति लिटरची. कॉस्टिक लिटरला ४ ग्रॅम. इथाइल ॲसिटेट लिटरला ८.८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ९.८ मिली. कॉस्टिकच्या गोळ्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे वजनावर विसंबू नका. टायट्रेशन करून खरी तीव्रता काढा आणि तीच वापरा. एस्टरचं द्रावण त्याच दिवशी करा आणि झाकून ठेवा. ते उडतं, आणि पाण्यात हळूहळू आपलं आपण फुटतंही.

आता पहिली मोठी गफलत. दोन टाक्या, दोन पंप, प्रत्येकी मिनिटाला ५० मिली. रिॲक्टरमध्ये दोन्ही प्रवाह एकत्र येतात तेव्हा फ्लो १०० मिली होतो आणि प्रत्येकाची तीव्रता निम्मी, म्हणजे ०.०५ होते. स्पेस टाइमसाठी फ्लो १००, आणि गतीच्या सूत्रात सुरुवातीची तीव्रता ०.०५. बाटलीवरच्या चिठ्ठीत ०.१ लिहिलेलं असतं म्हणून तेच सूत्रात जातं. त्याचा परिणाम किती होतो ते खाली आकड्यांतच दिसेल.

फ्लो मोजणं

रोटामीटरचं, म्हणजे उभ्या नळीत फ्लोट वर-खाली होणाऱ्या फ्लोमीटरचं, रीडिंग हा अंदाज समजा. गोळ्याचा फ्लोट असेल तर रीडिंग त्याच्या सर्वांत रुंद भागाशी घ्यायचं, वरच्या टोकाशी नाही. पेरिस्टाल्टिक पंप मऊ नळी दाबत दाबत द्रव पुढे ढकलतो; ती नळी वापरून वापरून सैल पडते, त्यामुळे त्याच आरपीएमला फ्लो कमी होत जातो. खात्रीचा उपाय जुनाच आहे: मोजपात्र आणि स्टॉपवॉच. प्रत्येक पंपाचं पाणी दोन मिनिटं गोळा करा, तीन वेळा मोजा, सरासरी घ्या. मोजणी रिॲक्टरला नळी जोडलेली असताना करा. नळी हातात मोकळी धरून मोजलं तर उलटा दाब नसतो आणि आकडा जास्त येतो.

दोन पंपांत फरक निघाला, समजा ५५ आणि ४५, तर एकूण १०० च राहतो आणि स्पेस टाइम बदलत नाही. पण एकत्र झाल्यावर कॉस्टिक ०.०५५ आणि एस्टर ०.०४५ होतं. मग समान तीव्रतेचं सोपं सूत्र चालत नाही, दोन्ही तीव्रता वेगळ्या ठेवून हिशोब करावा लागतो. त्यापेक्षा पंप जुळवून घेतलेले बरे.

टाकीचं आकारमान

ढवळणाऱ्या टाकीचं, म्हणजे सीएसटीआरचं, आकारमान काचेवर छापलेलं असतं ३ लिटर. ओव्हरफ्लोची नळी असते त्याच्या बरीच खाली. आतमध्ये ढवळणी, बॅफल (भिंतीला लावलेल्या उभ्या पट्ट्या), थर्मामीटरची खोळ, कधी थंड पाण्याची कॉइल. हे सगळं जागा अडवतं. शिवाय ढवळणी फिरायला लागली की मध्ये भोवरा पडतो, कडेची पातळी वर चढते, आणि ओव्हरफ्लोमधून जास्तीचं पाणी निघून जातं. म्हणजे स्थिर टाकी ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत भरून मोजली तर आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो.

बरोबर पद्धत अशी. टाकीत पाणी सोडा, ढवळणी प्रयोगात ठेवायची त्याच आरपीएमला चालवा, दोन्ही पंप ठरलेल्या फ्लोला लावा. ओव्हरफ्लो एकसारखा पडू लागला की पंप आणि ढवळणी एकदम बंद करा. खालच्या कॉकमधून सगळं पाणी बादलीत काढा आणि वजन करा. किलोत जे येईल ते लिटरमध्ये आकारमान. खालच्या नळीत अडकलेलं पाणी रिॲक्टरचं धरू नका. आरपीएम बदललं तर मोजणी पुन्हा.

बॅफल नसलेल्या टाकीत हा भोवऱ्याचा फरक ठळक असतो. टाकीच्या व्यासाच्या एक दशांश रुंदीचे चार बॅफल लावले की भोवरा बराच मावळतो आणि मिसळणंही सुधारतं.

नळीचं आकारमान

पीएफआर, म्हणजे नळीच्या रिॲक्टरमध्ये, चूक व्यासात होते. दुकानदार नळी बाहेरच्या व्यासाने विकतो. ६ मिमी बाहेरचा व्यास आणि १ मिमी जाडी असेल तर आतला व्यास ४ मिमी. आकारमान व्यासाच्या वर्गाने बदलतं. २५ मीटर नळी, आतला व्यास खरोखरच ६ मिमी असेल तर ७०७ मिली. आतला व्यास ४ मिमी असेल तर ३१४ मिली. निम्म्याहून कमी! नळी रिकामी आणि भरलेली अशी दोनदा वजन करून फरक काढणं हाच खरा ताळा. भरताना हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. कॉइलच्या वरच्या वळणांत ते अडकून बसतात आणि प्रयोग चालू असतानाही जागा खातात.

मिसळणाऱ्या टी-जोडापासून सॅम्पल घेण्याच्या टोकापर्यंतचा सगळा भाग रिॲक्टरच आहे. टी-जोडाआधीच्या नळ्या धरायच्या नाहीत. कॉइलनंतर अर्धा मीटर नळी पुढे जाऊन मग सॅम्पल घेत असाल तर ती धरायची.

हिशोब

ही रिॲक्शन दुसऱ्या ऑर्डरची, म्हणजे तिची गती दोन्ही तीव्रतांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. २५ अंश सेल्सिअसला गतीचा स्थिरांक सुमारे ०.११ लिटर प्रति मोल प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाच्या हिशोबात ६.६. फ्लो मिनिटात आणि स्थिरांक सेकंदात ठेवला की उत्तर साठपट चुकतं. तेवढी चूक निदान लगेच डोळ्यात भरते.

स्थिरांक गुणिले सुरुवातीची तीव्रता: ६.६ × ०.०५ = ०.३३ प्रति मिनिट. कन्व्हर्जन, म्हणजे आलेल्या मालापैकी रिॲक्ट झालेला हिस्सा, ७० टक्के हवं आहे, म्हणजे एक्स ०.७.

टाकीसाठी: स्पेस टाइम = एक्स ÷ [०.३३ × (१ − एक्स) × (१ − एक्स)] = ०.७ ÷ (०.३३ × ०.०९) = २३.६ मिनिटं.

नळीसाठी: स्पेस टाइम = एक्स ÷ [०.३३ × (१ − एक्स)] = ०.७ ÷ (०.३३ × ०.३) = ७.१ मिनिटं.

एकूण फ्लो मिनिटाला १०० मिली, तेव्हा टाकी २.३६ लिटरची लागेल आणि नळी ०.७१ लिटरची. वरची २५ मीटरची, ६ मिमी आतल्या व्यासाची नळी नेमकी तेवढीच आहे. टाकीला इतकी जास्त जागा लागते कारण टाकीत सगळीकडे बाहेर पडणाऱ्या मालाइतकीच पातळ तीव्रता असते, आणि पातळ तीव्रतेला रिॲक्शन रेंगाळते. नळीत सुरुवातीच्या मीटरांत तीव्रता भरपूर असल्याने बरंचसं काम तिथेच उरकतं. एकाऐवजी सारख्या दोन टाक्या एकापुढे एक लावल्या तर प्रत्येकीचा ६.४, मिळून १२.८ मिनिटं पुरतात. एका टाकीच्या जवळपास निम्मं. जागा आणि पैसा दोन्ही कमी असतील तर दुसरी टाकी लावणं हा बहुतेक वेळा पहिल्या टाकीचं आकारमान वाढवण्यापेक्षा शहाणपणाचा सौदा ठरतो.

आता आधी सांगितलेल्या गफलती आकड्यांत पाहू. बाटलीवरची ०.१ तीव्रता तशीच सूत्रात घातली तर टाकीचा स्पेस टाइम ११.८ मिनिटं येतो आणि टाकी १.१८ लिटरची काढली जाते. प्रत्यक्षात त्या टाकीत कन्व्हर्जन मिळतं ६०.५ टक्के. दुसरीकडे, टाकी २.३६ लिटरचीच आहे पण फ्लो एकाच पंपाचा, ५० मिली धरला, तर कागदावर स्पेस टाइम ४७ मिनिटं आणि अपेक्षित कन्व्हर्जन ७८ टक्के. टायट्रेशन ७० च दाखवतं, आणि मग दोष बिचाऱ्या ढवळणीवर जातो.

तापमानही पाहून ठेवा. या रिॲक्शनची ॲक्टिव्हेशन एनर्जी (तापमानाने गती किती बदलते ते ठरवणारा आकडा) ४७ किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास धरली तर २५ वरून ३० अंशांवर जाताना स्थिरांक साधारण ३७ टक्क्यांनी वाढतो. ६.६ चा ९ होतो आणि त्याच टाकीत कन्व्हर्जन ७० ऐवजी ७३–७४ टक्के दिसतं. मे महिन्यात घेतलेली रीडिंग्ज आणि जानेवारीतली रीडिंग्ज एकाच आलेखावर टाकली की ठिपके का विखुरतात याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. वॉटर बाथ नसेल तर निदान रिॲक्टरच्या आतलं तापमान टिपा, खोलीचं नको.

केव्हा सॅम्पल घ्यायचं, कसं घ्यायचं

टाकी स्थिर व्हायला तीन ते पाच स्पेस टाइम लागतात. सुरुवातीचा माल तीन स्पेस टाइमनंतर ५ टक्के उरलेला असतो, चारनंतर २ टक्क्यांहून थोडा कमी, पाचनंतर १ टक्क्याच्या आत. २३.६ मिनिटांच्या टाकीत चार स्पेस टाइम म्हणजे दीड तासाहून थोडं जास्त. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये हे जेमतेम बसतं, म्हणून घाईने वीस मिनिटांत पहिलं सॅम्पल घेतलं जातं आणि ते हमखास चुकीचं असतं. फ्लो बदलून दुसरं रीडिंग घ्यायचं असेल तर पुन्हा तेवढंच थांबावं लागतं. जास्त फ्लोचं रीडिंग आधी घेतलं तर पहिली वाट पाहणी लवकर संपते. नळीत दोन स्पेस टाइम बहुधा पुरतात.

सॅम्पल बाटलीत ठेवलं की रिॲक्शन तिथेही चालूच राहते. म्हणून १० मिली सॅम्पल थेट १० मिली, ०.०५ नॉर्मल (इथे ०.०५ मोल प्रति लिटरच) हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडायचं. उरलेलं कॉस्टिक तिथल्या तिथे मरतं. मग फिनॉल्फ्थॅलिन हा रंगसूचक घालून उरलेलं ॲसिड ०.०५ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करा. या नेमक्या मापांत एक गंमत आहे: ब्युरेटवर जेवढे मिली येतील त्याच्या दहापट टक्के कन्व्हर्जन. ७.० मिली आले तर ७० टक्के, ६.०५ आले तर ६०.५. एक थेंब, सुमारे ०.०५ मिली, म्हणजे अर्धा टक्का. टायट्रेशन लगेच आटपा. गुलाबी रंग आल्यावर थोड्या वेळाने फिका पडतो, कारण जास्तीचं कॉस्टिक उरलेल्या एस्टरला खातं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्यात भर घालतो. फिका पडला म्हणून आणखी थेंब टाकू नका.

नळीतला आदर्श प्रवाह किती आदर्श?

वरच्या नळीत १०० मिलीच्या फ्लोला वेग सेकंदाला ५.९ सेंटीमीटर आणि रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा आकडा, ४०० च्या आत. म्हणजे प्रवाह लॅमिनार, थरांथरांनी सरकणारा. सरळ नळी असती तर मधला थर सरासरीच्या दुप्पट वेगाने धावला असता आणि निम्म्या स्पेस टाइममध्ये बाहेर पडला असता, तर भिंतीजवळचा रेंगाळला असता. नळीची कॉइल केल्याने आडवे भोवरे तयार होतात आणि हा फरक बराच कमी होतो. तरी कन्व्हर्जन हिशोबापेक्षा थोडं कमी आलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. स्पेस टाइम इथे बरोबरच आहे, चुकतं ते पीएफआरचं गृहीतक, की सगळा माल एकाच वेगाने पुढे सरकतो.

वायू असेल तर

इथे मात्र जपून. फ्लोमीटर नॉर्मल घनमीटर दाखवतो, म्हणजे ० अंश सेल्सिअस आणि एक ॲटमॉस्फिअरला धरलेले. रिॲक्टरचं इनलेट असतं ४०० अंशांवर आणि २० बार ॲब्सोल्यूटला. खरा फ्लो काढायला नॉर्मल फ्लोला ६७३ ÷ २७३ ने गुणायचं आणि १.०१३ ÷ २० नेही. गुणक येतो ०.१२५. म्हणजे नॉर्मल फ्लोवरून स्पेस टाइम ०.७२ सेकंद आला असेल तर इनलेटच्या परिस्थितीत तो ५.८ सेकंद आहे. आठपट.

तापमान नेहमी केल्विनमध्ये, दाब नेहमी ॲब्सोल्यूट. गेजवर १ बार दिसत असेल तर ॲब्सोल्यूट २ असतो, आणि गेजचा आकडा तसाच घातला तर फ्लो दुप्पट धरला जातो. शिवाय 'स्टँडर्ड' घनमीटर कुणी १५ अंशांचा धरतं, कुणी २० चा. नॉर्मलशी फरक साडेपाच ते सात टक्क्यांचा. डेटाशीटवर संदर्भ तापमान लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या.

मोल वाढत असतील तर स्पेस टाइम आणि रेसिडेन्स टाइम उघड फारकत घेतात. नागोठण्यासारख्या गॅस क्रॅकरमध्ये, म्हणजे वायू तापवून फोडणाऱ्या कारखान्यात, इथेन फुटून इथिलीन आणि हायड्रोजन होतो, एकाचे दोन मोल. इथेनबरोबर वाफ किलोला ०.३ किलो घातली तर फीडमध्ये इथेन दोन तृतीयांश मोल, म्हणून विस्ताराचा गुणांक, एप्सिलॉन, ०.६६७. रिॲक्शन पहिल्या ऑर्डरची, आणि तापमान व दाब सगळीकडे सारखे धरू. प्रत्यक्ष भट्टीत ते तसे नसतात, पण मुद्दा समजायला पुरे. पीएफआरसाठी:

स्थिरांक × स्पेस टाइम = (१ + एप्सिलॉन) × लॉग [१ ÷ (१ − एक्स)] − एप्सिलॉन × एक्स

यातला लॉग नैसर्गिक. कन्व्हर्जन ६५ टक्के घेतलं तर उजवी बाजू १.६६७ × १.०५ − ०.६६७ × ०.६५ = १.३२. विस्तार विसरलो तर फक्त १.०५. म्हणजे नळी पाचव्या हिश्श्याने तोकडी पडली. आणि वायू आत प्रत्यक्ष किती वेळ राहतो? स्थिरांकाच्या मापात बरोबर १.०५. आत फुगत गेल्यामुळे तो पुढे पुढे जास्त वेगाने पळतो, म्हणून रेसिडेन्स टाइम स्पेस टाइमपेक्षा कमी. आकारमान काढायचं असेल तर मात्र स्पेस टाइमच वापरायचा, कारण तोच इनलेटच्या फ्लोशी बांधलेला आहे.

कॅटॅलिस्टचा बेड

रिॲक्शनचा वेग वाढवणाऱ्या कॅटॅलिस्टच्या दाण्यांनी भरलेल्या बेडसाठी लोक स्पेस टाइमच्या उलट, स्पेस व्हेलॉसिटी बोलतात. वायूसाठी जीएचएसव्ही, म्हणजे वायूची तासाची स्पेस व्हेलॉसिटी. ५००० प्रति तास म्हणजे बेडच्या आकारमानाच्या ५००० पट नॉर्मल वायू तासाला. त्याचा व्यस्त काढला की ०.७२ सेकंद, पण तो नॉर्मल परिस्थितीतला. खरा आकडा वरच्या गुणकाने भागून काढायचा. द्रवासाठी एलएचएसव्ही, म्हणजे द्रवाची तीच, तिथे द्रवाचा फ्लो खोलीच्या आसपासच्या तापमानाचा धरतात, फीड वाफ होऊन आत जात असलं तरी.

बेडचं आकारमान म्हणजे दाण्यांसकट पूर्ण आकारमान, मधली पोकळी तेवढी नव्हे. पाणी शुद्धीकरणातल्या कार्बन बेडलाही हेच लागू. १० घनमीटरचा बेड, तासाला ६० घनमीटर पाणी, स्पेस टाइम १० मिनिटं. दाण्यांमधली पोकळी ४० टक्के असेल तर पाणी मध्ये खरं थांबतं ४ मिनिटं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त कोणता लिहिला ते सांगायला हवं. वजनावरची डब्ल्यूएचएसव्ही, म्हणजे तासाचं फीडचं वजन भागिले कॅटॅलिस्टचं वजन, आणि तिचा व्यस्त हे तासाच्या मापात दिसतात, पण तो खरा वेळ नाही. त्यावरून 'वायू अर्धा तास आत राहतो' असा अर्थ काढू नका.

हिशोब आणि टायट्रेशन जुळत नसेल तर

आकारमान, फ्लो, तीव्रता, तापमान हे चारही पुन्हा तपासून फरक तसाच राहिला तर ट्रेसर, म्हणजे माल आत कसा फिरतो ते दाखवणारा खुणेचा पदार्थ, लावा. पाणी चालू ठेवून टाकीच्या इनलेटला थोडं मिठाचं द्रावण एकदम सोडा आणि आउटलेटची कंडक्टिव्हिटी दर मिनिटाला टिपा. पाण्याची मूळ कंडक्टिव्हिटी वजा करा, वेळ आणि उरलेल्या कंडक्टिव्हिटीच्या गुणाकारांची बेरीज कंडक्टिव्हिटीच्या बेरजेने भागा. येतो तो खरा सरासरी रेसिडेन्स टाइम. स्पेस टाइम २३.६ असताना तो १९ आला तर टाकीचा सुमारे पाचवा हिस्सा मृत आहे, ढवळणी तिथवर पोचत नाही. सुरुवातीलाच एक टोकदार शिखर दिसलं तर फीड इनलेटमधून थेट ओव्हरफ्लोकडे पळतंय. इनलेटची नळी ढवळणीच्या पात्याजवळ, खाली नेऊन सोडा.

मीठ जपून वापरा. दाट द्रावण जड असल्याने तळाशी बसतं आणि टाकीला नसलेला मृत कोपरा दाखवतं. आणि शेपूट पूर्ण टिपा. दोन स्पेस टाइमनंतर रीडिंग थांबवलं तर आदर्श टाकीतही साडेतेरा टक्के मीठ अजून आतच असतं, सरासरी कमी येते, आणि चांगली टाकी उगाच दोषी ठरते. निदान पाच स्पेस टाइम रीडिंग चालू ठेवा.